शर्यत ठेवा, पण आधी भाचीचा इको काढा

पत्र : माझा भाचा यंदा फेब्रुवारीत गेला. वय सोळा. ८०० मीटर पळायचा, २ मिनिटं ३ सेकंदांपर्यंत आला होता. सकाळच्या सरावात पळून झाल्यावर कमरेवर हात ठेवून उभा होता, तिथेच कोसळला. हृदयाचा स्नायू जाड झाला होता, हा आजार घराण्यात असू शकतो, असं शवविच्छेदनानंतर डॉक्टर म्हणाले. नातेवाइकांनी आणि मित्रांनी मिळून तीन लाख रुपये जमवले आहेत, ते सध्या माझ्या खात्यात आहेत. वर्ष होईल तेव्हा त्याच्या नावाने काहीतरी करायचं आहे. काही जण म्हणतात, सिंहगड रस्त्यावर ५ किलोमीटरची खुली शर्यत, पहिलं बक्षीस २५ हजार, मोठे पाहुणे, चौकाचौकात फ्लेक्स. मेहुण्यांना ट्रस्ट काढायचाय. त्याच्याबरोबरची मुलं म्हणतात, त्याचा नंबर पुन्हा कुणाला देऊ नका. ताई काहीच बोलत नाही. धाकटी भाची तेरा वर्षांची, तीही त्याच मैदानावर पळते. सगळं माझ्या गळ्यात आलंय. सुरुवात कुठून करू? – एक मामा, सिंहगड रस्ता

उत्तर : शर्यतीला अजून काही महिने आहेत. भाचीचं काम या आठवड्यातलं आहे, म्हणून तेच आधी.

तुम्ही वर्णन केलेल्या आजाराला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी म्हणतात. तो आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आलेला असेल, तर प्रत्येक भावंडात तो दोष उतरण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून भाची, ताई आणि मेहुणे या तिघांचाही ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) व्हायला हवा. छाती दुखत नाही, दम लागत नाही, पोरगी तर सगळ्यांच्या पुढे पळते, ही कारणं इथे चालत नाहीत. भाचाही पळतच होता. बरोबर शवविच्छेदनाचा अहवाल आणि हिस्टोपॅथॉलॉजीचा (ऊतींच्या तपासणीचा) कागद न्या, आणि मुलगी स्पर्धेसाठी सराव करते हे हृदयरोगतज्ज्ञांना मुद्दाम सांगा, कारण भरपूर सरावानेही हृदय थोडं जाड होतं आणि दोन्हींतला फरक त्यांना करायचा असतो. डॉक्टर मोकळीक देईपर्यंत तिचा वेगाचा सराव आणि शर्यती बंद. मैदानावर बसू द्या, इतरांच्या वेळा नोंदवू द्या, पण पळणं नाही.

आता ज्या दोन गोष्टींत बहुतेक घरं चुकतात त्या. एक, पहिला इको नॉर्मल आला की फाइल कपाटात जाते. हा आजार वाढीच्या वयातही उघड होतो, त्यामुळे तिची तपासणी ठरावीक अंतराने पुन्हा करावी लागेल, साधारण वर्ष-दोन वर्षांनी. नेमकं अंतर डॉक्टर सांगतील, तुम्ही ते कॅलेंडरवर लिहा. दुसरी, शवविच्छेदनाच्या वेळी ऊतींचे नमुने राखून ठेवले आहेत का, हे कुणी विचारतच नाही. असतील तर त्यावर जनुकीय तपासणी करता येते का, हे डॉक्टरांना विचारा. नेमका दोष सापडला तर भाचीला तो आहे की नाही हे एका रक्त तपासणीत कळू शकतं आणि वर्षानुवर्षांची टांगती तलवार उतरते. आणि मामा, ताईंच्या तपासणीत काही निघालं तर रांगेत पुढचे तुम्ही आहात.

आता पैसे. तीन लाख तुमच्या वैयक्तिक खात्यात आहेत, हे लवकर निस्तरा. आयकर कायद्यात 'नातेवाईक' म्हणून न मोजल्या जाणाऱ्या लोकांकडून वर्षभरात मिळून ५० हजारांच्या वर रक्कम आली, तर ती तुमचं उत्पन्न धरली जाऊ शकते. कुणी किती दिले याची यादी, तारखेसह, आजच करा आणि सीएला दाखवा. पुढे कुणाला द्यायचे असतील तर त्यांनी ते थेट संस्थेला द्यावेत. संस्थेकडे ८०जीची (देणगीवरच्या करसवलतीची) नोंदणी असेल तर त्यांना पावतीही मिळेल.

संस्था कोणती? मेहुण्यांची भावना समजते, पण तीन लाखांसाठी नवा ट्रस्ट काढू नका. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी हिशेब, विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट, वर आयकराचं वेगळं विवरणपत्र. तीन लाखांवर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला साडेएकोणीस हजार व्याज येतं, त्यातला मोठा वाटा कागदपत्रांतच जाईल. चौथ्या वर्षी एकटे मेहुणेच फाइल घेऊन फिरताना दिसतील. त्याऐवजी त्याची शाळा किंवा ज्या क्लबमध्ये तो पळायचा तो नोंदणीकृत असेल, तर तिथे कायम निधी ठेवा. देणगीच्या पत्रात 'कॉर्पस' (म्हणजे कायम निधी) हा शब्द हवाच, नाहीतर रक्कम चालू खर्चात मिसळते आणि दोन वर्षांत तिचा माग लागत नाही. एक पानी करारात चार गोष्टी येऊ द्या : व्याज कशावर खर्च होईल, निर्णय कोण घेईल, घरातल्या कोणाला दरवर्षी हिशेबाचा कागद मिळेल, आणि संस्था बंद पडली किंवा तिने खेळ बंद केला तर रक्कम कुठे जाईल. चौथी गोष्ट लिहायला लोक लाजतात. लाजू नका.

वाटणी आम्ही अशी करू. सुमारे सव्वा लाख एईडीसाठी (हे यंत्र काय, ते पुढे सांगतो), दीड लाख कायम ठेव, उरलेले २५ हजार पहिल्या वर्षाच्या खर्चाला. दीड लाखावर वर्षाला पावणेदहा हजार येतील. तेवढ्यात दरवर्षी बसेल असाच कार्यक्रम करायचा, त्याहून मोठा नाही. पहिल्या वर्षी दोन लाख उडवून झालेले स्मृतिचषक पुण्यात पुष्कळ आहेत. तिसऱ्या वर्षी तेच मैदान आणि तीच तारीख असते, पण चषक नसतो, आणि आईवडिलांना मूल दुसऱ्यांदा विस्मरणात गेल्यासारखं वाटतं.

एईडी म्हणजे बंद पडलेल्या हृदयाला शॉक देणारं छोटं यंत्र. मशीन बोलून सूचना देतं, शॉकची गरज आहे की नाही हेही तेच ठरवतं. हृदय असं अचानक थांबलं आणि काहीच केलं नाही, तर प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. अँब्युलन्स कितीही वेगात निघाली तरी सकाळी स्वारगेटहून यायला जे लागायचं ते लागणारच. म्हणून रोज पन्नास-साठ मुलं पळतात त्या मैदानावर हे यंत्र असणं हीच आमच्या मते त्याची सगळ्यात योग्य आठवण आहे. पण एका अटीवर. ते कुलपात राहता कामा नये. शाळेचं एईडी मुख्याध्यापकांच्या कपाटात, किल्ली शिपायाकडे आणि शिपाई रजेवर, असं असेल तर सव्वा लाखांचा डबा घेण्यात अर्थ नाही. भिंतीवर, खांद्याच्या उंचीला, पावसाचं पाणी येणार नाही अशा जागी, उघडलं की बेल वाजेल अशा पेटीत. छातीला चिकटवायचे पॅड साधारण दोन वर्षांनी मुदतबाह्य होतात, बॅटरी चार-पाच वर्षांनी. दोन्ही तारखा पेटीवर मोठ्या अक्षरांत चिकटवा आणि व्याजातून दरवर्षी थोडी रक्कम पॅडसाठी बाजूला काढा. संस्थेने देखभालीची लेखी जबाबदारी घेतली तरच विकत घ्या. नाही म्हणाले तर दुसरी संस्था बघा.

यंत्र नसलं तरी हात असतात. शर्यतीच्या आदल्या शनिवारी मैदानावरच चाळीस मिनिटांचं सीपीआर प्रशिक्षण ठेवा, म्हणजे हृदय थांबलेल्याची छाती दाबत राहण्याचं. सहा ते आठ मुलांमागे एक पुतळा हवा, नाहीतर पुढची चार दाबतात आणि मागची मोबाइल बघतात. शिकवायचं एवढंच : हाक मारा, खांदे हलवा. प्रतिसाद नाही आणि श्वास नाही, किंवा पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं तोंड नुसतं उघडमीट होतंय, तर हृदय थांबलं असं समजा. ती उघडमीट म्हणजे श्वास नव्हे, आणि नेमकं तिथेच 'अजून श्वास चालू आहे' म्हणत लोक थांबून राहतात. एकाने १०८ लावायचा, दुसऱ्याने एईडी आणायचं, तिसऱ्याने छातीच्या मध्यावर, मोठ्या माणसाला पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहायचं. पाणी पाजणं, कांदा हुंगवणं, उचलून सावलीत नेणं, यातलं काही करायचं नाही. दोन मिनिटांनी दाबणारा बदला, दमलेल्या हाताची खोली कमी होते आणि त्याला स्वतःला ते कळत नाही.

त्या सकाळी जी मुलं तिथे होती, त्यांना या प्रशिक्षणाची सक्ती नको. 'मी हे तेव्हा केलं असतं तर' हा विचार पुतळ्यावर हात ठेवताच येतो. त्यांना आधी बाजूला घेऊन प्रशिक्षकांनी स्पष्ट सांगावं : तुम्हाला हे कुणी शिकवलं नव्हतं, ती मोठ्यांची चूक, तुमची नाही. काहींना नंतर आपलीच छाती धडधडते असं वाटू लागतं, सरावाला यायची भीती बसते. एकदा डॉक्टरांनी तपासून 'ठीक आहे' म्हटलं की त्यातल्या बऱ्याच जणांचं सुटतं. झोप उडाली, खाणं सुटलं, 'मीही गेलो असतो तर बरं' अशी भाषा आली, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

आता शर्यत. रस्त्यावरची ५ किलोमीटर खुली शर्यत नको. वाहतूक पोलिसांची परवानगी, स्वयंसेवक, बॅरिकेड, आणि एवढं करून २५ हजारांच्या बक्षिसासाठी बाहेरून सराईत धावपटू येतात, बक्षीस घेतात आणि संध्याकाळच्या गाडीने जातात. तुमचा भाचा कोण होता हे त्यांना माहीतही नसतं. तो ८०० मीटर पळायचा, ८०० मीटरच ठेवा, ट्रॅकवर. सारसबागेसमोरचं बाबूराव सणस मैदान महापालिकेचं आहे, आरक्षण महापालिकेच्या क्रीडा विभागातून होतं. बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडा संकुल राज्य सरकारचं, प्रशस्त आहे, पण सिंहगड रस्त्यावरच्या पालकांना रविवारी सकाळी सहाला तिथे पोचवणं सोपं नाही. क्लबचं मातीचं २०० मीटरचं मैदान असेल तर चार फेऱ्या, तेही चालेल. चुना मारताना आतल्या रेषेपासून २० सेंटिमीटर बाहेर मोजा (उंच कड असेल तर ३०). धावणारा कडेवरून पळत नाही, म्हणून ट्रॅकची लांबी तशी मोजतात.

तारीख निवडताना वर्षश्राद्ध आणि शर्यत वेगळी ठेवा. श्राद्ध तिथीने, घरात. त्याच दिवशी सकाळी मैदान आणि दुपारी पिंड असं केलं तर ताईंना दोन्हीकडे फक्त उभं राहावं लागेल. शिवाय फेब्रुवारी-मार्च दहावी-बारावीच्या परीक्षांचा, त्याच्याच वयाची मुलं येणार नाहीत. डिसेंबरचा पहिला रविवार बहुधा पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनचा असतो, तो टाळा. शालेय स्पर्धांचं वेळापत्रक बघून त्यानंतरचा एखादा रविवार घ्या. सकाळी गारठा असतो, तेव्हा सातला वॉर्मअप, साडेसातला पहिली हीट (एका तुकडीची फेरी), साडेनऊला मैदान रिकामं.

गट १४, १६ आणि १८ वर्षांखालचे, मुलगे आणि मुली वेगळे. जन्मदाखला नोंदणीच्या वेळीच बघा, बक्षीस वाटताना वयाचा वाद निघाला की सगळा दिवस नासतो. साठ मुलं आली तर आठाच्या हिशेबाने आठ हीट, प्रत्येकी तीन मिनिटं पळायला आणि चार-पाच मिनिटं उभं करायला, म्हणजे तासभर. अंतिम फेरी ठेवू नका, कोवळ्या मुलांना एका सकाळी दोनदा ८०० पळवण्यात अर्थ नाही. सगळ्या हीटच्या वेळेवरून निकाल लावा आणि हीट पाडताना सारख्या वेळेची मुलं एकत्र ठेवा. हाताने घेतलेली वेळ पुढच्या दशांशाला न्यायची : २:०५.३१ आलं तर २:०५.४. मैदानावर स्वतंत्र अँब्युलन्स ठरवा, १०८ ही आपत्कालीन सेवा आहे, ती तुमच्या कार्यक्रमासाठी उभी राहील असं धरू नका.

बक्षीस रोख नको, स्पाइक्स (पिनांचे धावण्याचे बूट) द्या. आणि मुख्य चषक पहिल्या आलेल्याला न देता वर्षभरात स्वतःची वेळ सर्वांत जास्त सुधारणाऱ्याला द्यावा, असं आम्ही सुचवू. यातही लबाडी होते. मुलं आधी मुद्दाम सावकाश पळून ठेवतात. म्हणून आधीची वेळ शालेय किंवा जिल्हा स्पर्धेतलीच धरा. सुधारणा सेकंदात मोजली तर नवख्यांचं फावतं : २:२० वरून २:१२ म्हणजे आठ सेकंद, २:०६ वरून २:०२ म्हणजे चारच. टक्क्यांत ते ५.७ आणि ३.२ होतं, अंतर थोडं कमी होतं, पण मिटत नाही. निदान दोन हंगाम पळणाऱ्यांनाच पात्र धरा, म्हणजे निकाल पटेल.

चषक फिरता असेल तर तो संस्थेतच राहू द्या, जिंकणाऱ्याला छोटी प्रतिकृती. घरी गेलेला फिरता चषक परत येत नाही, आला तर कान तुटलेला असतो. तळाशी वीस नावांच्या पट्ट्यांची जागा ठेवा. त्यावर फोटो कोरू नका, पाच वर्षांत काळा पडतो. नाव आणि '८०० मीटर, २:०३' एवढं पुरे.

पाहुणे नकोत. पाहुणे उशिरा येतात, तोवर मुलं गारठ्यात किंवा उन्हात. बक्षिसं प्रशिक्षकांच्या आणि रोज पहाटे फाटक उघडणाऱ्या माळीकाकांच्या हातून द्या. फ्लेक्सलाही महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागाची परवानगी लागते, आणि मिळाली तरी पोराचा चेहरा एखाद्या दादांच्या वाढदिवसाच्या बांबूला बांधून कशाला टांगायचा?

नंबराचं. मुलांचं मन मोडू नका, पण ॲथलेटिक्समध्ये छातीवरचा नंबर स्पर्धेगणिक बदलतो, तो कायमचा बंद करण्यात अर्थ उरत नाही. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूज चेंडू लागून गेला तेव्हा क्रिकेट ऑस्ट्रेलियाने त्याचा ६४ नंबर बंद केला आणि त्याची शेवटची खेळी ६३ नाबाद अशी नोंदवली. क्रिकेटमध्ये ते शोभतं, कारण नंबर खेळाडूचा असतो. तुमच्या मुलांना ट्रॅकची भाषा वापरू द्या. पहिल्या हीटमध्ये एक लेन रिकामी, सात जणच पळतील. त्याआधी त्याच्याबरोबरच्यांनी एक फेरी न बोलता एकत्र चालायची. स्वारगेटच्या हॉर्नमध्ये मिनिटभराची शांतता साधत नाही, पण चालण्याची साधते. पुढच्या वर्षीपासून लेन भरा. दरवर्षी रिकामी ठेवली तर नव्या मुलांना ती नुसती प्रथा वाटेल. क्लबच्या टी-शर्टवर नंबर असतील तर त्याचा तो नंबर त्याची तुकडी बारावी होईपर्यंत बाजूला ठेवा, मग एखाद्या लहानाला सांगून द्या.

झाड लावायचं असेल तर पावसाळ्याच्या सुरुवातीला, आणि दोन उन्हाळे पाणी घालणारा माणूस आधी ठरवून. डिसेंबरात तळजाईवर लावलेलं रोप एप्रिलपर्यंत गेलेलं असतं, आणि ते पाहण्याची पाळी आईवर येते.

ताई बोलत नाहीत म्हणजे त्यांची संमती आहे असं धरू नका. त्यांना संपूर्ण योजना ऐकवू नका, एकच प्रश्न विचारा : चषकावर कुठलं नाव घालू, कागदावरचं की मैदानावर हाक मारायचे ते? उत्तर आलं तर पुढे चला. 'नको' आलं तर शर्यत एक वर्ष पुढे न्या, एईडी आणि तपासण्या मात्र चालू ठेवा. त्याचे कपडे आणि स्पाइक्स त्यांना विचारल्याशिवाय धुऊ नका, कुणाला देऊ नका. ठेवायचे असतील तर स्पाइक्सच्या पिना काढून, कोरड्या सुती कापडात, सिलिका जेलची पुडी घालून. पुण्याच्या पावसाळ्यात काचेच्या घट्ट फ्रेममध्ये बसवलेल्या बनियनला बुरशी येते.

त्याच्या मोबाइलचा रिचार्ज चालू आहे ना, हे आज बघा. रिचार्ज थांबला की काही महिन्यांत नंबर बंद होऊन दुसऱ्याला जातो आणि १२० दिवस वापर नसलेलं व्हॉट्सॲप खातं पुसलं जातं. मित्रांकडचे व्हिडिओ मागवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, साध्या पद्धतीने पाठवले की दर्जा घसरतो.

आणि प्रशिक्षकांची वही. तिच्यात तीन-चार वर्षांच्या सकाळी आहेत : '६ × ३००, ३ मि. विश्रांती', पुढे सेकंदांचे आकडे, कुठे 'ताप', कुठे 'उशीर'. त्याची सगळी पानं स्कॅन करून घ्या. पण आईवडिलांना ती नुसती वाचून कळणार नाहीत, म्हणून प्रशिक्षकांना शेजारी बसवून एकेक ओळ मोठ्याने वाचायला आणि समजावायला सांगा, आणि ते मोबाइलवर रेकॉर्ड करा. ताईंना लगेच ऐकवू नका. आहे, एवढं सांगून ठेवा.